मैनाची चंदी बंद केली तेव्हा

२४ नोव्हेंबर २०२४ ला आमच्या घोडीच्या, मैनाच्या छातीला टेप लावली, १४९ सेंटीमीटर भरली. फेब्रुवारीत हीच टेप १५८ वर होती. हे नऊ सेंटीमीटर उतरवायला आम्हाला जवळपास दहा महिने लागले, आणि या काळात घोडा जाड झाला तर त्याला काय घालायचं हे धड सांगणारी माणसं फार कमी भेटली. घोडा बारीक असेल तर काय द्यायचं ते गावात कुणीही सांगतं. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय, तारखा माझ्या वहीतल्या आहेत.

मैना आमच्याकडे जून २०२१ मध्ये आली. आम्ही इंदापूर तालुक्यात राहतो, ऊस आहे, थोडी डाळिंबं, चार म्हशी. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणारे तांडे, पावसाच्या तोंडावर कोकणातून परत येतात तेव्हा एक वाडा दरवर्षी आमच्या रानात दोन-चार रात्री बसतो, मेंढ्यांचं खत मिळतं म्हणून आम्हीच बोलावतो. त्यांच्यातल्या एका बाबांकडून मुलाच्या हट्टापायी ३२ हजाराला ही घोडी घेतली. भीमथडीचं तट्टू, कुमैत रंग, उंची १३० सेंटीमीटर, वय सहा. तेव्हा तिच्या बरगड्या हाताला लागायच्या, पाठ सपाट होती आणि ती दिवसभर चालून आलेली असायची, पाठीवर वाड्याचा अर्धा संसार घेऊन, भांडी, वाकळा, कोकरं, खुराड्यातल्या कोंबड्या सगळं.

आम्हाला वाटलं बिचारी उपाशी आहे. इथूनच चुकत गेलं.

सासूबाईंच्या माहेरी पूर्वी घोडं होतं, त्यांना चंदी, म्हणजे घोड्याचा दाण्याचा खुराक, ठाऊक होती. रोज सकाळी एक किलो भिजवलेले हरभरे, त्यात दोन मुठी गव्हाचा कोंडा आणि सुपारीएवढा गूळ. संध्याकाळी म्हशींच्या वाट्यातला ओला घास, आमच्याकडे लसूणघासाला नुसतं घासच म्हणतात. आणि गाळप सुरू झालं की उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ते तर फुकटच, बांधावर ढीग पडलेले असायचे. काम काय, तर मुलगा रविवारी अर्धा तास बसायचा, तोही दहावीला गेल्यापासून बंद. दोन वर्षांत मैना अशी चकाकायला लागली की येणारा-जाणारा म्हणायचा, काय अंग धरलंय हो घोडीने. मलाही ते ऐकून छान वाटायचं, खोटं कशाला बोलू. मानेवर आयाळीखाली कडक वळ आला होता, पाठीच्या मधोमध पन्हाळीसारखी खाच पडली होती, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना मऊ उशा आल्या होत्या. हे सगळं चरबीचं लक्षण आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही त्याला तब्येत समजत होतो.

१९ जानेवारी २०२४ च्या सकाळी ती जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून, सगळं वजन मागच्या पायांवर घेऊन उभी. आधी वाटलं पाठ धरली असेल. गोठ्यातल्या मामांनी खुरांना हात लावला तर तव्यासारखी गरम, आणि खुराच्या वर मागच्या बाजूला जी नस लागते ती ठणठण उडत होती. आदल्या रात्री तिने दावं सोडवून घेतलं होतं आणि ट्रॉलीतून उतरवलेल्या वाढ्याच्या ढिगात पहाटेपर्यंत उभी होती. तो ढीग निमित्त झाला, तयारी आम्ही दोन वर्षं करत होतो.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. केसपेपर काढताना गाय, म्हैस, शेळी, मेंढी असे रकाने होते, घोडीची नोंद ‘इतर’मध्ये केली. तिथले डॉक्टर दुपारी घरी आले, लगेच म्हणाले हा लॅमिनायटिस आहे, खुराच्या आतला आजार, मी वेदनेचं इंजेक्शन देतो, पण ताई, मी रोज गाई-म्हशी बघणारा माणूस आहे, तुम्ही घोड्यांचा डॉक्टर बोलवा. असं सरळ सांगितलं याबद्दल मी त्यांचे आभार मानते, कारण त्यात आमचे दिवस वाचले. पुण्याहून घोड्यांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार होते, तोपर्यंत फोनवर सांगितलं की पाय बर्फाच्या पाण्यात ठेवा, सतत, मधे मधे नाही. आमच्याकडे बर्फ कुठला? मग नवरा भिगवणला मासळी बाजारात गेला, तिथे उजनीचे मासे भरायला बर्फ असतो, लाद्या घेऊन आला. दोन दिवस आळीपाळीने आम्ही तिचे पाय घमेल्यात धरून बसलो. खाली वाळू टाकली, जाड, वीतभर. पाय दुखणाऱ्या घोड्याला कडक फरशीवर उभं करू नका, आणि काही झालं तरी चालवू नका. ‘चालवली की मोकळी होईल’ असं आम्हाला चार जणांनी सांगितलं होतं, ते अगदी उलटं आहे.

डॉक्टरांनी आल्यावर जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. खुराच्या आत हाड असतं, ते बाहेरच्या कवचाला पापुद्र्यांनी चिकटलेलं असतं, जसं आपलं नख खालच्या मांसाला. घोड्याचं सगळं वजन त्या पापुद्र्यांवर लटकलेलं असतं. जाड घोड्याने साखर किंवा धान्य खाल्लं की त्याच्या अंगात इन्सुलिन प्रमाणाबाहेर वाढतं, आणि त्या इन्सुलिननेच पापुद्रे सैल पडतात. मग हाड आत फिरतं. फार फिरलं तर तळव्यातून खाली येतं आणि मग त्या जनावराला कायमचं झोपवण्याशिवाय इलाज उरत नाही. हे शेवटचं ऐकून मी तिथेच रडले.

एक्स-रेसाठी पुण्याला न्यायचं का विचारलं तर नको म्हणाले, गाडीत तोल सांभाळताना पायांवरच जोर येतो, आणि शिवाय घोडा वाहतुकीला ‘प्रवासास योग्य’ असा डॉक्टरचा दाखला लागतो, तो या अवस्थेत कोण देणार. त्यांनीच पोर्टेबल मशीन मागवलं. त्याचे ६,००० आणि त्यांच्या व्हिजिटचे ४,५००. हाड तीन डिग्री फिरलं होतं, म्हणजे थोडक्यात वाचलो.

आता खाण्याचं. डॉक्टर निघताना म्हणाले चंदी, गूळ, वाढं, घास आजपासून बंद. चिठ्ठीवर बाकीचं लिहिलं होतं, पण ती चिठ्ठी गडबडीत औषधांच्या पिशवीत राहिली आणि आमच्या घरात त्याचा अर्थ निघाला उपास. सासूबाईंनी तर स्वतःचं जेवण आवरतं घेतलं, तिला नाही तर मला कशाला म्हणून. दीड दिवस मैनाला जवळजवळ काहीच मिळालं नाही. फोनवर हे सांगितल्यावर डॉक्टर पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलले. जाड तट्टाला उपाशी ठेवलं की अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते, लिव्हर निकामी होतं, आणि त्याने ते लॅमिनायटिसपेक्षा लवकर जातं. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास झरत असतं, त्यामुळे पोट रिकामं राहिलं की अल्सर होतात ते वेगळंच. तुमचा घोडा जाड असेल तर खाणं बंद करू नका, खाणं बदला. एवढं वाक्य मी आता भेटेल त्याला सांगते.

४ फेब्रुवारीला पहिलं नीट मोजमाप. आम्ही आधी उसाच्या भुईकाट्यावर न्यायचा विचार करत होतो, पण पायाचं दुखणं होतंच आणि तो काटा दहा-दहा किलोने उड्या मारतो, त्यावर महिन्याचा फरक कळणार कसा. डॉक्टरांनी शिंप्याच्या टेपवर काम भागवलं. छातीचा घेर, म्हणजे पुढच्या पायांच्या लगेच मागून आणि आयाळ संपते त्या उंचवट्याच्या मागून, सेंटीमीटरमध्ये. त्याचा वर्ग करायचा. त्याला लांबीने गुणायचं, लांबी म्हणजे खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत. आणि ११,८८० ने भागायचं. येतं ते वजन किलोत. मैनाचा घेर १५८, लांबी १३८, वजन आलं २९०. अगदी अचूक नसतं पण दर वेळी त्याच माणसाने, त्याच वेळी, सकाळी खाण्याआधी मोजलं तर उतार-चढाव बरोबर दिसतो. आमच्याकडे टेप फक्त मीच लावते.

सोबत अंगावरच्या चरबीला गुण द्यायचे. १९८३ मध्ये अमेरिकेत हेनेके म्हणून संशोधकांनी १ ते ९ ची पट्टी केली, १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे प्रचंड जाड, ५ बरोबर. बरगड्या दिसू नयेत पण हलकासा हात फिरवला की लागाव्यात, हे पाच. मैनाला डॉक्टरांनी आठ दिले. मी डोळे मिटून तिच्या बरगड्या शोधत होते, बोट दाबूनही सापडल्या नाहीत.

हिशोब असा. वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे २९० ला ४ किलो ३५० ग्रॅम. वाळलेल्या गवतातही दहा टक्के ओल असते म्हणून साधारण पाच किलो गवत धरायचं. याच्या फार खाली स्वतःच्या डोक्याने जायचं नाही. आणि हे पाच किलो चार वेळा विभागून, पहाटे साडेपाचला एक, अकराला एक, संध्याकाळी पाचला एक किलो दोनशे, आणि रात्री साडेदहाला उरलेलं एक किलो आठशे. म्हणजे पोट फार वेळ रिकामं राहत नाही. सामान उचलायचा हुकाचा काटा ३५० रुपयांना मिळाला, आणि तो आल्यावर कळलं की बाजारात ज्याला आपण एक पेंढी म्हणतो ती सातशे ग्रॅमचीही असते आणि सव्वा किलोचीही. अंदाजाने देत असाल तर तुम्ही किती देताय ते तुम्हाला माहीत नाही.

गवत कोणतं, हा सगळ्यात मोठा प्रश्न. म्हशीला ज्या गवताला आपण भारी म्हणतो ते मैनाला नको होतं. हिरवं कोवळं नको, फुलोरा होऊन गेलेलं, उशिरा कापलेलं, काडी झालेलं डोंगरी गवत हवं, मारवेल, पवना असलं. त्यात पोट भरतं आणि ताकद कमी असते. त्यात २०२३ चा पाऊस तुटलेला, सरकारने दुष्काळी जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत आमचा तालुका होता, गवताची शंभर पेंढी ८०० ला गेली होती. शेजारी लोक जनावरांना चारा मिळत नाही म्हणून विकायला काढत होते आणि मी आमच्या घोडीला मुद्दाम कमी चारा मोजून देत होते. ते सांगायची मला लाज वाटायची. कुणी विचारलं तर आजारी आहे एवढंच म्हणायचे.

गवत भोरच्या बाजूने आणवलं. पहिल्या खेपेत कुसळी निघाली, तिची टोकं ओठात आणि जिभेखाली रुततात, मैनाच्या ओठाला जखम झाली. तेव्हापासून मामा प्रत्येक पेंढी सोडून झटकतात. गवतात साखर किती हे कळावं म्हणून चारा तपासायच्या एका लॅबला नमुना पाठवला, दहा-बारा पेंढ्यांतून मूठ-मूठ काढून, मिसळून, अर्धा किलो, पिशवीवर नाव-गाव-तारीख. फी ८०० आगाऊ, पंधरा दिवस म्हणाले, सव्वीस दिवसांनी कागद आला, त्यात प्रथिनं, तंतू, राख, ओल सगळं होतं, साखर आणि स्टार्च नव्हतंच. फॉर्मवर तो रकाना असतो का हे आधी विचारा, मी विचारलं नव्हतं.

मग डॉक्टर म्हणाले सोडा, भिजवून द्या. कोरडं असताना वजन करायचं, प्लास्टिकच्या ड्रममध्ये बुडवून तासभर ठेवायचं, पाणी निथळून टाकायचं आणि द्यायचं. पाण्यात साखर उतरते, पाणी चहासारखं होतं. ते तिला पिऊ द्यायचं नाही, आम्ही खताच्या खड्ड्यात ओततो. परदेशात लोक रात्रभर भिजवतात म्हणे, आमच्या एप्रिलच्या उन्हात तीन तासांत आंबूस वास येतो, म्हणून तासावर जायचं नाही आणि ओलं उरलेलं टाकून द्यायचं. भिजवण्यात क्षारही वाहून जातात म्हणून घोड्यांचं मिनरल मिक्श्चर, किलोला ४५०, आणि रोज तीसेक ग्रॅम साधं मीठ. ते कशात तरी मिसळून द्यावं लागतं म्हणून शंभर ग्रॅम वाळलेला घास भिजवून. तिच्या दिवसभरातला हा एवढाच गोड घास. इथे एक फार महत्त्वाचं, गाई-कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्याला चुकूनही देऊ नका, काही खाद्यांत मोनेन्सिन असतं, ते त्यांना चालतं पण घोड्याला थोडंसंही जीवघेणं ठरतं.

सासूबाई म्हणाल्या, धान्य नको ना, मग नुसता कोंडा दे, हलका असतो. मलाही पटलं होतं. डॉक्टरांनी नाही म्हटलं. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम अगदी कमी, रोज नुसता कोंडा खाणाऱ्या घोड्याचं शरीर हाडातून कॅल्शियम ओढतं आणि तोंडाची हाडं सुजतात. वाढं आणि हत्ती गवत यातही ऑक्झलेट असतं, ते आहे ते कॅल्शियमही धरून ठेवतं. म्हणजे आम्ही दोन वर्षं कोंडा आणि वाढं एकत्र देत होतो. कडब्याचं विचारलं तर म्हणाले त्याचा धांडा चावून बघा, गोड लागतो ना? आणि हिरवी ज्वारी तर घोड्याला कधीच नाही, लघवीचा आणि मागच्या पायांचा आजार होतो.

फेब्रुवारी फार वाईट गेला. पहाटे स्वयंपाकघरात पातेलं वाजलं की ती खिंकाळायची, घमेलं लाथेने उलटं करायची. प्रत्येक वेळचं गवत ती तासा-दीड तासात संपवायची आणि मग गोठ्याची लाकडी आडवी कुरतडायची. एकदा लीदही खाताना दिसली. मुलगा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मी रात्री साडेदहाला गवत घालून आले की झोपायचे नाही, तिचा आवाज बंद व्हायची वाट बघायचे.

उपाय निघाला तो जाळ्याचा. बारीक भोकांच्या जाळ्यात गवत भरून टांगलं की घोड्याला एकेक काडी ओढावी लागते. तयार जाळी महाग आणि पुण्यात. आम्ही भिगवणला मासेमारी करणाऱ्या एका काकांना सांगितलं, त्यांनी जाड दोऱ्याची, चार सेंटीमीटर भोकाची दोन जाळी विणून दिली, ३०० रुपये एक. बारीक तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, घेऊ नका, ओठ कापतो. छातीच्या उंचीला बांधायची, रिकामी झाल्यावर लोंबून पाय अडकणार नाही अशी. पहिले चार दिवस एक जाळी, मग एकात एक दोन. रात्रीचं गवत दीड तासाऐवजी चार तास पुरायला लागलं आणि गोठा शांत झाला. मार्चमध्ये गहू निघाल्यावर एक किलो गवत काढून त्या जागी एक किलो गव्हाचं काड मिसळलं, दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत. काड जास्त झालं किंवा पाणी कमी पडलं तर पोटात गच्च बसून पोटदुखी होते, म्हणून रोज लीद बघायची आणि पाण्याची बादली मोजायची, टँकरचं पाणी असलं तरी तिथे काटकसर नाही.

मधे ११ फेब्रुवारीला इन्सुलिनसाठी रक्त घेतलं. तीन आठवडे मुद्दाम थांबलो कारण दुखणं आणि ताण असताना आकडा उगाच वर जातो. बर्फाच्या डब्यातून पुण्याला, २,२०० रुपये, आठ दिवस. वर होताच. ३ मार्चला वजन २८३, ७ एप्रिलला २७९. आणि ५ मेला पुन्हा २७९. महिनाभर जागचं हललं नाही. मी गवत परत परत मोजत होते, काटा बदलून बघितला. शेवटी एका दुपारी बघितलं, सासूबाई पदराखालून अर्धी भाकरी तिच्या तोंडाशी धरत होत्या. रोज दुपारी, महिनाभर. मला बघून त्या दचकल्या आणि म्हणाल्या, “मुकं जनावर गं, माझ्याकडे बघतं, मला गिळवत नाही.” मी रागावू शकले नाही. मी त्यांचा हात धरून मैनाच्या खुराजवळ नेला, कवचावर जानेवारीनंतर जी आडवी वळी उमटली होती त्यावरून बोट फिरवायला लावलं. खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, ती वळी अजून वरच होती. त्यांनी नंतर भाकरी दिली नाही, पण त्यांच्या हाताने काहीतरी जावं म्हणून डॉक्टरांना विचारून काकडीच्या दोन चकत्या ठरवल्या. दुपारी, त्यांच्याच हातून. हे मी आधीच करायला हवं होतं. घरातल्या ज्याला खाऊ घालायची सवय आहे त्याला नुसतं नको म्हणून चालत नाही, काय द्यायचं ते हातात द्यावं लागतं.

एप्रिलअखेर डॉक्टर दुसऱ्यांदा आले आणि चालवायला परवानगी दिली. पहिल्यांदा मऊ मातीत दहा मिनिटं, हातात धरून. मग नीरा डाव्या कालव्याच्या कडेने, मे-जूनमध्ये वीस मिनिटं, तीस मिनिटं. नालबंद दर सहा आठवड्यांनी, १,२०० रुपये, खुराचं पुढचं टोक तासून मागे घेत. चालल्यानंतर दर वेळी खुरांना हात लावायचा, गरम वाटले तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. २ जूनला वजन २७२, तेव्हा डॉक्टरांनी चारा साडेचार किलोवर आणला.

जूनमध्येच वाडा आला आणि घोडी विकणारे बाबा भेटले. मला भीती वाटत होती की ते म्हणतील काय हाल केले. त्यांनी मानेवरचा वळ दाबला, पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, “चंदी घालीत व्हता व्हय?” मी हो म्हटलं. म्हणाले आमच्यात चंदी कुणाला परवडती, बांधाचं खातं अन् दिसभर चालतं. मग खुरांवर डाग द्या असंही सांगितलं, तापलेल्या सळईचा, त्याला मी हात जोडून नको म्हटलं. पण त्यांच्या वाड्यातली बाकीची चार तट्टं मी त्या दिवशी नीट बघितली. त्यांची आई-आजी पिढ्यान्‌पिढ्या देशावरून कोकणात आणि कोकणातून देशावर चाललेली, वाळक्या गवतावर. ज्याच्या अंगाला एवढ्याशा खाण्यावर एवढं चालायची सवय आहे त्याला आम्ही न चालवता हरभरे घातले. आमच्या ओळखीतल्या एकाचा रेसमधून निवृत्त झालेला घोडा आहे, तो तीन किलो ओट खाऊनही बारीकच. त्या घोड्याचा तक्ता बघून मैनाला खायला घालणं म्हणजे दुसऱ्याची चिठ्ठी घेऊन औषध आणण्यासारखं होतं.

जुलैत तुकोबांची पालखी बेलवाडीच्या रिंगणाला आली. आमचं घर रस्त्याला, वारकरी दिवसभर ओट्यावर टेकत होते, आणि घोडी दिसली की प्रत्येक जण भक्तीने केळं, राजगिऱ्याचा लाडू, गुळाचा खडा देत होता. मी चहाच्या भांड्यापाशी अडकलेली, संध्याकाळपर्यंत कळलंच नाही. रात्री खुरं कोमट लागली. पुन्हा बर्फ, पुन्हा जागरण. दोन दिवसांत निवळलं, वजन मात्र २७५ वर परत. आता असे दिवस आले की मैना मागच्या शेडमध्ये.

पाऊस चांगला झाला आणि बांध हिरवे झाले तशी दुसरी काळजी. मोकळं सोडलं तर कोवळं गवत ती अधाशासारखी ओढते. गवतात साखर दिवसा उन्हात साठते, संध्याकाळी सगळ्यात जास्त, पहाटे सगळ्यात कमी. म्हणून सोडायची ती उजाडताना, आठच्या आत परत. आणि तोंडाला मुसकं. मळणीला बैलांना बांधतात तेच, फक्त बुडाला मधोमध रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं भोक करून कडा शिवून घेतल्या. त्यातून दोन-चार पाती येतात आणि पाणी पिता येतं. पहिल्या दिवशी पाणी पिते का हे समोर उभं राहून बघा, आणि नाकाच्या हाडावर घासत असेल तिथे मऊ कापड गुंडाळा. दिवसाला तीन तासांच्या वर मुसकं नाही. चरायला सोडली त्या दिवशी अकराचं गवत बंद. पोळ्याला म्हशींना पुरणपोळी झाली, सासूबाईंनी मैनाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि काकडी दिली.

१ सप्टेंबर २६५. २४ नोव्हेंबर २५८. डॉक्टर तिसऱ्यांदा आले, अंगाला साडेपाच गुण दिले, इन्सुलिन खाली आलंय पण ही घोडी आयुष्यभर अशीच सांभाळायची म्हणाले. खर्च विचाराल तर डॉक्टर, एक्स-रे, रक्त मिळून २५ हजाराच्या आतबाहेर, आणि चाऱ्याला दुष्काळी भावातही महिन्याला हजार-बाराशे. नुसत्या हरभऱ्याला आधी दोन हजारावर जात होते. डिसेंबरपासून चारा परत पाच किलो केलाय, ओल वजा केली तर आता ते तिच्या वजनाच्या पावणेदोन टक्के पडतं, आठवड्यातले पाच दिवस मुलगा कालव्याकडेने पाऊण तास दुडक्या चालीने नेतो. जानेवारीची ती वळी खुराच्या टोकाशी पोचलीय, पुढच्या एक-दोन नालबंदीत निघून जाईल.

गाळप पुन्हा सुरू झालंय. वाढ्याचा ढीग यंदा म्हशींच्या पलीकडे, फाटकाला साखळी आणि कुलूप, किल्ली मामांच्या कमरेला. ट्रॉली रस्त्याने गेली की मैना कान टवकारते आणि वास घेत तिकडे तोंड करून उभी राहते. साडेदहा वाजत आलेत, जाळं भरायचंय, एक किलो आठशे.